सात सेकंदांचा ड्रमर

माझ्या पिढीतल्या बऱ्याच जणांनी लहानपणी ‘पॉवरपफ गर्ल्स’ हे कार्टून पाहिलंय. त्याच्या शीर्षकगीतात सुसाट वाजणारे ड्रम मुळात त्या कार्टूनसाठी वाजवलेलेच नाहीत. ते १९६९ सालच्या एका अमेरिकन रेकॉर्डवरून उचललेले आहेत. ‘फ्युचरामा’च्या शीर्षकगीतात तेच आहेत. हिपहॉपच्या असंख्य गाण्यांत तेच आहेत आणि लंडनमध्ये जन्मलेला ‘जंगल’ हा अख्खा संगीतप्रकार त्यांच्यावरच उभा आहे. जेमतेम सात सेकंदांच्या या तुकड्याला ‘आमेन ब्रेक’ म्हणतात. तो वाजवणाऱ्याचं नाव ग्रेगरी कोलमन.

इलेक्ट्रॉनिक संगीतातला ताल ही यंत्राची देणगी आहे, असं आपण सहज धरून चालतो. कोलमनची गोष्ट वाचल्यापासून मला ते तितकंसं पटत नाही.

‘द विन्स्टन्स’ हा वॉशिंग्टन डी.सी.चा सोल-फंक बँड. १९६९ मध्ये त्यांची ‘कलर हिम फादर’ ही रेकॉर्ड गाजली आणि त्या गाण्यासाठी बँडच्या रिचर्ड स्पेन्सरला गीतलेखनाचं ग्रॅमीही मिळालं. रेकॉर्डच्या मागच्या बाजूला काहीतरी हवं, म्हणून चर्चमधल्या एका जुन्या गाण्याची चाल घेऊन त्यांनी ‘आमेन, ब्रदर’ ही वाद्यरचना वाजवली. साधारण दीड मिनिटाच्या सुमारास बाकीची वाद्यं थांबतात आणि कोलमन एकटाच वाजवतो. चार मात्रांचं एक, अशी चार आवर्तनं. पहिली दोन सरळ. तिसऱ्यात स्नेअरचा एक ठोका अपेक्षेपेक्षा उशिरा पडतो. चौथ्यात तो सम चक्क मोकळी सोडतो, मग आडवळणानं दोन-चार ठोके घेतो आणि मोठी झांज वाजते. लगेच बँड परत येतो. लय मिनिटाला सुमारे १३६ मात्रांची, म्हणजे सगळा कारभार सात सेकंदांचा.

हा तुकडा विस्मृतीत गेला नाही, याचं श्रेय न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या डीजेंना जातं. तिथल्या पार्ट्यांमध्ये १९७३ च्या सुमारास डीजे कूल हर्कच्या लक्षात आलं की, गाण्यात फक्त ड्रम उरतात तेव्हा नाचणारे सर्वांत जास्त पेटतात. मग एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर लावून तो तेवढाच भाग लांबवायला लागला. पुढे डीजेंसाठी अशा जागा असलेली गाणी एकत्र करून विकली जाऊ लागली. १९८६ मध्ये ‘अल्टिमेट ब्रेक्स अँड बीट्स’ या मालिकेत ‘आमेन, ब्रदर’ आलं आणि तो तुकडा सगळ्यांच्या हाती लागला.

तोवर ड्रम मशीन येऊन बरीच वर्षं झाली होती, हे इथं लक्षात घ्यायला हवं. रोलँड या जपानी कंपनीचं टीआर-८०८ १९८० चं. ते ट्रान्झिस्टरच्या सर्किटमधून ड्रमसारखे आवाज तयार करायचं. त्याच वर्षी रॉजर लिनचं एलएम-१ आलं. त्यात खऱ्या ड्रमचे एकेक ध्वनी साठवलेले होते. ८०८ वर सोळा बटणं ओळीत असतात. कुठल्या खणात ठोका हवा ते बटण दाबायचं, बाकी यंत्र बघून घेतं. प्रोग्रामरला ही कल्पना लगेच आवडते. सोळा खणांचा ॲरे, प्रत्येकात शून्य किंवा एक, आणि फिरत राहणारा लूप. यावर थोर संगीत झालंय, त्याबद्दल वादच नाही.

मग लोक सतरा वर्षं जुनी रेकॉर्ड कशाला धुंडाळत होते? मी आमेन ब्रेक सॉफ्टवेअरमध्ये उघडून मोठा करून पाहिला, तेव्हा उत्तर स्क्रीनवरच दिसलं. ठोके ग्रिडच्या रेषांवर नेमके बसतच नाहीत. कुठला केसभर आधी, कुठला केसभर नंतर. स्नेअरच्या दोन मोठ्या ठोक्यांमध्ये अगदी हलके ठोके आहेत, ते ऐकू येण्याआधी जाणवतात. झांजेचा नाद सगळ्यांत मिसळलेला आहे. शून्य आणि एकच्या ॲरेत हे मावत नाही.

यानंतर आले सॅम्पलर. १९८७ च्या एसपी-१२०० मध्ये एकूण दहा सेकंदांचा आवाज मावायचा. जागा वाचवायला लोक रेकॉर्ड जलद फिरवून आवाज आत घ्यायचे आणि मग यंत्रात तो मंद करायचे. त्यात आवाज खरखरीत व्हायचा आणि तीच खरखर पुढे लोकांना आवडायला लागली. नव्वदीच्या सुरुवातीला लंडनच्या पोरांनी, ज्यांत कॅरिबियन घरांतली पुष्कळ होती, या तुकड्याचा एकेक ठोका सुटा केला. त्यांची उलटसुलट जुळणी करून लय १६० च्याही पुढे नेली आणि खाली रेगेचा दणदणीत बास घातला. तेच जंगल. तो ताल कुठल्याही माणसाच्या हातांनी वाजणं अवघड. पण त्यातला प्रत्येक ठोका कोलमनच्या हातचा होता.

कोलमनला यातून एक पैसा मिळाला नाही. गाण्याच्या हिशेबात रचनेचा हक्क संगीतकार-गीतकाराचा असतो आणि ध्वनिमुद्रणाचा बहुधा कंपनीचा. ड्रमरनं जागेवर सुचून वाजवलेल्या चार आवर्तनांना सहसा कुणी ‘रचना’ म्हणत नाही. ज्याच्याकडे गाण्याचा हक्क होता, त्या स्पेन्सरलाही १९९६ पर्यंत काही माहीत नव्हतं. एका ब्रिटिश कंपनीनं मूळ टेप विकत घ्यायला फोन केला, तेव्हा त्याला कळलं. तोवर दाव्याची मुदत उलटली होती. २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या दोन डीजेंनी लोकवर्गणीतून २४ हजार पौंड जमवून त्याला दिले. कोलमन २००६ मध्येच अटलांटात गेला होता, बेघर आणि कफल्लक अवस्थेत. आपल्या सात सेकंदांचं काय झालं हे त्याला बहुधा ठाऊकच नव्हतं, असं स्पेन्सर म्हणायचा.

आता, दुसरी बाजूही खरी आहे. प्रत्येक वापराआधी परवानगी आणि पैसे लागले असते, तर घरातल्या खोलीत, जुन्या संगणकावर संगीत करणाऱ्या त्या पोरांना जंगल सुचूनही करता आलं नसतं. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या एका न्यायालयानं रॅपर बिझ मार्कीच्या विरोधात निकाल दिला आणि तिथं सॅम्पलिंग महाग झालं. मोठ्या कंपन्यांनी वकील लावले, छोट्यांनी हात आखडले. त्यामुळे ‘हे थांबवायला हवं होतं’ असं मला म्हणवत नाही.

पण मोकळा वापर म्हणजे नाव पुसणं, असं कुठं आहे? माझ्या कामात रोज फुकटचा कोड वापरला जातो. एमआयटी लायसन्स हे त्यातलं एक बरंच सैल लायसन्स. हवं ते करा, विका म्हणतं. अट एकच, मूळ हक्कधारकाची ओळ काढायची नाही. तबल्यात तर हे कायद्याच्या कितीतरी आधीपासून आहे. सोलो वाजवताना जुन्या उस्तादांची गत घ्यायची तर वादक कानाच्या पाळीला हात लावून त्यांचं नाव घेतो आणि मग वाजवतो. गत कुणालाही वाजवता येते, फक्त ती कुणाची हे सांगावं लागतं.

पैशांचा प्रश्न यानं सुटत नाही. कोलमनचं भाडं नुसत्या नावानं भागलं नसतं. पण नाव माहीत असेल तर निदान शोधायचं कुणाला, हे तरी कळतं. स्पेन्सर सापडला, कारण रेकॉर्डवर त्याचं नाव छापलेलं होतं.

आज फोनवरच्या ॲपमध्येही बीट बनवता येते. सॅम्पल पॅकमध्ये ‘आमेन’ नावाच्या फाइल्स ढिगानं असतात. फाइलला नाव गाण्याचं आहे. ड्रमरचं द्यायला तशी काहीच हरकत नव्हती.