एसक्यूएल आज्ञासंचातील व्यवहार व त्रुटिनियंत्रण

डेटाबेसवरील ज्या आज्ञा एकतर सर्वच्या सर्व अमलात येतात किंवा त्यांपैकी एकही येत नाही, अशा आज्ञांच्या गटास व्यवहार (ट्रान्झॅक्शन) असे म्हणतात. व्यवहाराचा आरंभ 'बिगिन'ने होतो. 'कमिट'ने बदल कायम होतात, तर 'रोलबॅक'ने ते रद्द होतात. या संकल्पनेच्या मांडणीत जिम ग्रे यांचे कार्य पायाभूत मानले जाते. त्यांना १९९८ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. व्यवहाराच्या चार गुणधर्मांसाठी रूढ असलेले 'अ‍ॅसिड' हे नाव थिओ हेर्डर व आंद्रेआस रॉयटर यांनी १९८३ मध्ये सुचविले.

फाइलमध्ये लिहिलेल्या आज्ञा ओळीने चालविताना एखादी आज्ञा फसल्यास पुढे काय घडते, हे प्रत्येक प्रणालीत वेगळे असते. एका खात्यातून ५०० रुपये वजा करणारी आज्ञा यशस्वी झाली आणि दुसऱ्या खात्यात ते जमा करणारी फसली, तर व्यवहाराच्या चौकटीअभावी ती रक्कम हिशेबातून नाहीशी होते.

केवळ चौकट घालूनही नेहमीच भागते असे नाही. मायक्रोसॉफ्ट एसक्यूएल सर्व्हरमध्ये 'एक्सअ‍ॅक्ट अ‍ॅबॉर्ट' हा पर्याय मुळात बंद असतो. त्या स्थितीत निर्बंधभंगासारखी त्रुटी आल्यास केवळ ती एक आज्ञा रद्द होते, पुढील आज्ञा चालू राहतात आणि शेवटचे 'कमिट' अर्धवट काम कायम करते. म्हणून हा पर्याय चालू करणे, किंवा २००५ च्या आवृत्तीपासून उपलब्ध असलेल्या 'ट्राय–कॅच' रचनेत आज्ञा लिहून 'कॅच' भागात 'रोलबॅक' देणे आवश्यक ठरते. 'कॅच'मध्ये त्रुटी पकडून ती गिळून टाकणे हा त्याहून वाईट दोष होय. २०१२ च्या आवृत्तीत आलेल्या 'थ्रो' आज्ञेने मूळ त्रुटी बाहेर कळविता येते.

पोस्टग्रेसक्यूएलची वृत्ती अधिक कठोर आहे. व्यवहारात एक त्रुटी येताच त्यातील पुढील सर्व आज्ञा नाकारल्या जातात आणि 'कमिट' दिले तरी प्रत्यक्षात 'रोलबॅक'च होतो. आधी 'सेव्हपॉइंट' नोंदविला असल्यास मात्र तिथपर्यंत मागे येऊन काम पुढे नेता येते. तथापि 'पीएसक्यूएल' हा ग्राहक-प्रोग्राम फाइल चालविताना त्रुटीनंतरही स्वतःहून थांबत नाही. 'ऑन एरर स्टॉप' हे चल निश्चित केल्यास तो थांबतो व ३ हा निर्गम-संकेतांक देतो. अन्यथा त्याला चालविणाऱ्या स्क्रिप्टला सर्व सुरळीत झाल्याचाच भास होतो.

ओरॅकलच्या 'एसक्यूएल प्लस'मध्ये 'व्हेनएव्हर एसक्यूएलएरर एक्झिट' एवढेच लिहिल्यास बाहेर पडण्यापूर्वी झालेले बदल कायम केले जातात. 'रोलबॅक' हा शब्द जोडल्यासच ते रद्द होतात. तक्ता निर्माण करणाऱ्या वा बदलणाऱ्या आज्ञा ओरॅकल व मायएसक्यूएल यांत चालू व्यवहार आपोआप कायम करतात. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये अशा बहुतेक आज्ञाही मागे घेता येतात.