ओरिजिनल सीडी आहे का?

मराठी संगणकावर उशिरा रुळली, याची दोन कारणं ठरल्यासारखी सांगितली जातात. एक म्हणजे मराठी माणसाची अनास्था, आणि दुसरं म्हणजे फॉन्टांचा घोळ, जितक्या कंपन्या तितकी बाराखडी. दोन्हींत तथ्य आहे. पण पुण्यातला १९८८ ते २००७ हा काळ बारकाईने पाहिला की एक तिसरं, अगदीच किरकोळ वाटणारं कारण समोर येतं, आणि माझ्या मते ते अनास्थेपेक्षा वजनदार आहे. या जवळजवळ वीस वर्षांत देवनागरी संगणकात आयती नसायची; ती बाहेरून, बहुतेकदा फ्लॉपीवरून किंवा सीडीवरून, चढवावी लागायची. आणि तबकडीवरून काही चढवायचं म्हटलं की सेटअप कुठेतरी अडायचा. मराठीत लिहायचं की नाही, हा प्रश्न पुढे यायच्या आतच पडद्यावर एखादी राखाडी खिडकी येऊन थांबलेली असायची.

यासाठी पुण्याचंच उदाहरण घ्यायचं, कारण मराठीची सोय कुठे आधी व्हायला हवी होती तर ती इथेच. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं भारतीय लिप्यांचं काम १९८८ साली सी-डॅकच्या स्थापनेबरोबर पुण्यात आलं. मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या या कामाला जिस्ट म्हणत. १९९१ साली इस्की ही संकेतपद्धती भारतीय मानक ठरली, आणि त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी आली, तीही १९८८च्या इस्कीच्या आराखड्यावर बेतलेली. म्हणजे ‘मानकच नव्हतं’ हे म्हणणं तसं खरं नाही. मानक पुण्यात बसलेलं होतं, छापील होतं, चांगलं होतं. ते लोकांच्या टेबलापर्यंत जायची वाट मात्र बिकट होती. सुरुवातीला ती वाट जिस्ट कार्डातून जाई. संगणक उघडायचा, आतल्या रिकाम्या खाचेत कार्ड बसवायचं, मग डॉसच्या काळ्या पडद्यावर मराठी उमटे. विंडोजचा जमाना आल्यावर कार्डाची जागा पॅकेजांनी घेतली: सी-डॅकचं आयएसएम आणि लीप ऑफिस, पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकचं श्री-लिपी. डबीत तबकडी, पुस्तिका आणि प्लास्टिकचा एक ठोकळा असे. हा ठोकळा म्हणजे हार्डवेअर लॉक. संगणकाच्या मागे प्रिंटरच्या पोर्टला तो लावायचा आणि त्याच्या पाठीवर प्रिंटरची वायर. लॉक सैल बसलं, त्याचा ड्रायव्हर चढला नाही किंवा पुढे नव्या मदरबोर्डवर ते पोर्टच राहिलं नाही, की तबकडी शाबूत असूनही मराठी बंद.

तबकडीचंही एक शास्त्र आहे, आणि ते माहीत नसल्यामुळे घरोघरी तिचे हाल झाले. गाण्याच्या सीडीवर ओरखडा आला तरी गाणं बहुधा चालतं, कारण हरवलेल्या क्षणाचा आवाज मागच्यापुढच्या आवाजावरून अंदाजाने भरता येतो. प्रोग्रॅममध्ये अंदाजाला जागा नाही. म्हणून डेटा सीडीवर दर २,०४८ बाइट माहितीमागे २७६ बाइट केवळ चूक दुरुस्त करण्यासाठी राखलेले असतात. ती शिबंदीही संपली की ड्राइव्ह तोच भाग पुन्हापुन्हा वाचत बसतो, घरघर वाढते, सेटअपची निळी पट्टी एका जागी गोठते आणि शेवटी ‘सायक्लिक रिडन्डन्सी चेक’ हे तीन शब्द उमटतात, ज्यांचा अर्थ दुकानातल्या पोरालाही सांगता येत नसे. फाइली दाबून भरलेल्या असल्यामुळे एक बाइट बिघडला तरी अख्खी फाइल नामंजूर. त्यात गंमत अशी की लोक चकचकीत बाजूला जपत आणि छापील बाजूवर बॉलपेनने खुशाल नाव लिहीत. प्रत्यक्षात माहितीचा थर छापील बाजूलाच, पातळसर लाखेखाली असतो. चकचकीत बाजूला सव्वा मिलिमीटरच्या आसपास जाड प्लास्टिकचं चिलखत असतं. खालचा ओरखडा घासून निघतो, वरचा निघत नाही. पुसायचीही रीत होती: मधून कडेकडे, सरळ. ताटासारखी गोल पुसली की ओरखडे माहितीच्या ओळीला समांतर पडत आणि एकाच ठिकाणी लांबवर खाडा होई.

तरीही खुद्द तबकडी खराब आहे असं निघण्याचे प्रसंग दुरुस्तीवाल्याच्या हिशेबात कमीच. ड्राइव्हच्या भिंगावर धूळ असे, मेमरीची पट्टी हललेली असे, मध्येच वीज गेलेली असे (गुरुवारी दुपारी मोठं पॅकेज टाकायला घेणाऱ्याला पुणेकर म्हणता येणार नाही), नाहीतर यंत्रात आधीपासून व्हायरस बसलेला असे. म्हणून या धंद्याची मुख्य विद्या होती ‘बदलून बघणे’: हीच सीडी दुसऱ्या मशीनवर, दुसरी सीडी याच मशीनवर, मग मेमरी, मग केबल. पुस्तकात न सापडणारी ही तर्कपद्धती तापकीर गल्लीच्या परिसरात रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्यांच्या हाताला आधीच सवयीची होती. पुण्यातलं क्विक हील निघालं ते याच मातीतून. कैलास काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्त करत, १९९३ साली त्यांनी कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस या नावाने संगणकदुरुस्ती सुरू केली. गिऱ्हाइकांच्या यंत्रांत तेच ते व्हायरस येताना पाहून धाकटे भाऊ संजय काटकर यांनी ते काढणारा प्रोग्रॅम लिहिला. २००७ साली कंपनीनेच त्या प्रोग्रॅमचं नाव घेतलं आणि २०१६ साली ती शेअर बाजारात आली. शहराच्या सॉफ्टवेअर इतिहासात टाटांच्या १९८१च्या संशोधन केंद्राला किंवा १९९० साली सुरू झालेल्या पर्सिस्टंटला जे मानाचं पान मिळतं ते योग्यच आहे. पण निर्यात करणाऱ्या त्या जगाचा सामान्य पुणेकराच्या यंत्राशी संबंध येत नव्हता. त्याच्यासाठी संगणकशास्त्र म्हणजे ‘विंडोज टाकून देणारा’ माणूस. मराठीत हे शब्दही त्यानेच रुळवले: सॉफ्टवेअर टाकतात, फॉरमॅट मारतात, विंडोज उडतं. भाषातज्ज्ञांच्या समित्या ‘आज्ञावली’ आणि ‘प्रस्थापित करणे’ यांवर चर्चा करत होत्या तोवर हे होऊनही गेलं होतं.

माझ्या मुद्द्याचा सर्वांत पक्का पुरावा मात्र विंडोज एक्सपीत आहे. २००१ साली आलेल्या या प्रणालीत मराठी युनिकोड होतं, फुकट होतं, मंगल हा फॉन्टही सोबत होता. फक्त ते झोपलेलं होतं. जागं करायचं तर कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन ‘रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स’ उघडायचं, ‘लँग्वेजेस’वर टिचकी मारायची आणि तिथल्या एका चौकोनात खूण करायची. त्या चौकोनासमोर मराठीचं काय, भारताचंही नाव नव्हतं. जटिल लिप्या, उजवीकडून डावीकडे लिहायच्या भाषा आणि कंसात थाई, एवढाच मजकूर. खूण केली की १० एमबी किंवा जास्त जागा लागेल अशी सूचना येई. ठीक म्हटलं की पुढची खिडकी: विंडोज एक्सपीची सीडी घाला. इथे बहुतेकांची मराठी संपायची. कारण पुण्यात घरोघरी आलेला संगणक असेम्बल्ड होता, आणि त्यातली विंडोज दुकानदाराने स्वतःच्या बॅगेतल्या एकाच सीडीवरून टाकलेली होती. फोन केला की पलीकडून पहिला प्रश्न येई, ‘ओरिजिनल सीडी आहे का?’ ती असेलच तर बरेचदा सर्व्हिस पॅक दोनच्या आधीची असे आणि खिडकी तिला ओळखत नसे. जाणता हार्डवेअरवाला विंडोज टाकतानाच सीडीवरचं आय-३८६ नावाचं फोल्डर डी ड्राइव्हवर उतरवून ठेवी. मग सीडी मागणाऱ्या खिडकीत तो पत्ता टाइप केला की फाइली भराभर उतरत आणि यंत्र एकदा बंद-चालू केलं की ‘कि’मधली वेलांटी, जी आधी ‘क’च्या पुढे वेगळी लटकत होती, ती आपल्या जागी मागे येऊन बसे. हे ज्याच्या यंत्रात झालं त्याला मराठी मिळाली. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला तेव्हा तो वाचू पाहणाऱ्या कितीतरी जणांना अक्षरांऐवजी रिकामे चौकोन दिसत, आणि दोष विकिपीडियाच्या माथी जाई.

यावर पहिला आक्षेप उघड आहे: ज्याने चोरीची विंडोज वापरली त्याने सीडी नाही म्हणून गळा का काढावा? १९९४च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यात याबद्दल संदिग्धताही उरली नव्हती. आक्षेप न्याय्य आहे, पण तो नीतीचा आहे, इतिहासाचा नाही. शिवाय रोख पैसे मोजून घेतलेल्यांचीही सुटका नव्हती. नामांकित कंपन्यांचे संगणक बरेचदा सीडीऐवजी हार्ड डिस्कच्या एका कोपऱ्यात प्रणाली दडवून येत. कार्यालयात सीडी आलीच तर ती मालमत्ता म्हणून भांडार विभागाच्या कपाटात कुलूपबंद होई. कारकुनाला तिची गरज लागेल ही कल्पनाच कोणाला नसे. आणि सायबर कॅफेतल्या गिऱ्हाइकाला तर कंट्रोल पॅनेलला हात लावायची परवानगी नव्हती. संगणकशिक्षण देणारं एमकेसीएल २००१ साली निघालं, त्याच्या एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमाने लाखोंना संगणकावर बसवलं. ही माणसं मराठीला नाराज नव्हती, त्यांच्यासमोरच्या यंत्रात ती चढलेली नव्हती.

दुसरा आक्षेप मला जास्त जड वाटतो. नारायण, सदाशिव, बुधवार पेठेतल्या डीटीपीवाल्यांकडे तर मराठी उत्तम चालत होती. पुस्तकं, दिवाळी अंक, लग्नपत्रिका सगळं त्यावर निघत होतं. मग युनिकोड मागे पडलं ते तबकडीमुळे कसं? ते स्थिरावलेल्या फॉन्टांच्या सोयीमुळे पडलं. हे बऱ्याच अंशी मान्य करावं लागतं. छपाईच्या दुनियेला युनिकोडची निकड नव्हती, आणि प्रकाशकांनी त्याकडे पाठ फिरवली ती सीडीच्या अडचणीने नव्हे. पण डीटीपी ऑपरेटर हा पगारी, शिकलेला, लॉक कुठे लावायचं ते माहीत असलेला माणूस होता. लिहिणारे सगळे कधी ऑपरेटर नसतात. पत्र लिहिणारी शिक्षिका, हिशेब ठेवणारा सोसायटीचा चिटणीस, परदेशातल्या मुलाला मेल करणारे आजोबा यांनी रोमन अक्षरांत मराठी लिहायला सुरुवात केली, कारण ती अक्षरं न मागता समोर होती. याला अनास्था म्हणणं म्हणजे नळाला पाणी नसताना लोकांना आंघोळीची आवड नाही असं म्हणण्यासारखं आहे. कीबोर्डाचा वाद, इनस्क्रिप्ट की रेमिंग्टन की उच्चारानुसार, तोही खरा होता. पण तो वाद अक्षर उमटल्यानंतरचा.

पुढे जे घडलं ते या तर्काची परीक्षाच होती. २००७च्या जानेवारीत विंडोज व्हिस्टा बाजारात आली आणि तिच्यात भारतीय लिप्यांचा आधार मुळातच सुरू होता. तो चौकोन आणि ती सीडी मागणारी खिडकी दोन्ही गेली. व्हिस्टा फारशी कोणाला आवडली नाही, हा भाग वेगळा. त्यानंतर स्मार्टफोन आले, ज्यात तबकडी घालायला फटच नाही. त्याच अनास्थ समाजाने कोणत्याही चळवळीशिवाय, कोणत्याही शासननिर्णयाची वाट न पाहता देवनागरीत लिहायला सुरुवात केली, आणि आता सकाळी उठल्याउठल्या सुविचारांचा जो पूर येतो तो बहुतेक देवनागरीतच असतो. त्याच्या दर्जाबद्दल मी काही म्हणत नाही.

तबकडीच्या काळाने मागे ठेवलेला गुंता छापखान्यांत मात्र अजून सुटायचा आहे. त्या वीस वर्षांत जुन्या फॉन्टांत टाइप झालेला मजकूर युनिकोडमध्ये आणायला कन्व्हर्टर लागतो, आणि तो बऱ्यापैकी चालतो. फक्त रफार कधी एक अक्षर पुढे सरकतो, कधी ‘क्ष’ फुटतो, म्हणून मुद्रितशोधक अख्खं पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून वाचतो.