काचेतला नियम आणि तीच जुनी केबल : एचडीआर मॉनिटरची गोष्ट

१९९० साली आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने हाय डेफिनिशन दूरचित्रवाणीसाठी बीटी.७०९ हे मानक स्वीकारले. कॅमेऱ्याने प्रकाशाचे संकेतात रूपांतर कसे करावे, याचे सूत्र त्यात होते. तो संकेत पडद्यावर पुन्हा प्रकाशात कसा उलगडावा, याविषयी मात्र मानक गप्प होते. ही उणीव पुढे २१ वर्षे तशीच राहिली आणि तिच्यावाचून फारसे कोणाचे अडलेही नाही.

याचे कारण स्टुडिओतल्या काचेच्या नळीत होते. चित्रपटाचे किंवा मालिकेचे अंतिम रंग ठरवणे म्हणजे कलर ग्रेडिंग. ते ज्या रेफरन्स मॉनिटरवर चाले, तो कॅथोड किरण नळीचा असे. सोनीची बीव्हीएम मालिका त्यांतली विशेष मान्यता पावलेली. नळीला मिळणारा संकेत दुप्पट झाला की पडद्याचा उजेड जवळजवळ पाचपट होई. हा इलेक्ट्रॉन गनचाच स्वभाव असल्याने कोणत्याही कंपनीची नळी साधारण तशीच वागे. नियम लिहिण्याची गरज कोणाला वाटणार?

नळ्या इतिहासजमा होऊ लागल्या, तेव्हा ती गरज भासली. एलसीडीला असा उपजत वक्र नसतो. तो शिकवावा लागतो. अखेर २०११ साली बीटी.१८८६ या मानकाने नळीची सवय २.४ या घातांकाच्या रूपात कागदावर उतरवली. शेवटचा वक्ता हयात असताना बोलीचे व्याकरण लिहून घ्यावे, तसाच हा प्रकार.

तोवर उजेडाची जुनी मर्यादाही ढळू लागली होती. ग्रेडिंगमध्ये पांढरा म्हणजे १०० निट, असा संकेत होता. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातून उगम पावलेली ब्राइटसाइड ही कंपनी डॉल्बीने २००७ साली विकत घेतली. पुढे डॉल्बीने घडवलेला ‘पल्सार’ हा मॉनिटर ४,००० निटपर्यंत जाई आणि त्याला थंड ठेवण्यासाठी द्रव खेळवावा लागे. मानवी डोळ्याला उजेडातला किती सूक्ष्म फरक कळतो, यावर आधारलेला डॉल्बीचा पीक्यू वक्र २०१४ साली एसएमपीटीईने एसटी २०८४ म्हणून प्रमाणित केला. त्याची कमाल मर्यादा १०,००० निट.

मात्र संगणकापासून मॉनिटरपर्यंत जाणारी केबल जुन्याच कुळातली राहिली. एसडीआय ही १९८९च्या सुमाराची पद्धत. ७५ ओमची कोॲक्सियल तार, टोकाला फिरवून अडकवायचा बीएनसी जोड. ग्रेडिंगसाठी संगणकात स्वतंत्र कार्ड बसवून चित्र याच तारेने बाहेर काढतात, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमची रंगव्यवस्था मध्ये लुडबुड करत नाही. तारेतून जातात ते केवळ आकडे. दहा बिटांच्या संकेतात ६४ म्हणजे काळा, ९४० म्हणजे पांढरा. जुन्या नियमाने ९४० म्हणजे १०० निट. पीक्यूने तेच ९४० म्हणजे १०,००० निट. पीक्यूत १०० निट येतात ते ५०९ च्या आसपास.

आकडा तोच आणि अर्थ शंभरपट वेगळा. हा अर्थ सांगण्याची सोय एसडीआयमध्ये मुळात नव्हती. २०१५ च्या एचडीएमआय २.०ए मध्ये घरगुती टीव्हीला चित्राबरोबर तशी सूचना मिळू लागली. स्टुडिओतल्या महागड्या मॉनिटरला मात्र वक्र कोणता, हे माणसाने मेनूत जाऊन सांगायचे! चुकून जुनाच वक्र राहिला तर एचडीआर चित्र मळकट, राखाडी दिसते आणि कलरिस्ट नसलेला दोष दुरुस्त करत बसतो.

त्यात ४केची भर पडली. २००६ च्या थ्रीजी-एसडीआयच्या एका तारेत सेकंदाला ६० चौकटींचे ४के चित्र मावत नसे, म्हणून चार तारा जोडाव्या लागत. चित्राचे चार चौकोन करून प्रत्येक तारेला एक देण्याची रीत होती. तिच्यात दोन तारा अदलाबदल झाल्या तर आंधळ्यालाही कळावे. दुसऱ्या रीतीत पिक्सेल दोन-दोन करून चारही तारांत विखुरले जात. तिथे तीच चूक झाली तर चित्र वरवर ठीक दिसे, बारीक कडा तेवढ्या किंचित करवतत. खरी धास्ती हिची होती.

२०१५ साली ट्वेल्व्हजी-एसडीआयने चार तारांची एक केली. एसडीआयच्या ओळखपट्टीत वक्राचे नाव नोंदवण्याची सोयही पुढे झाली. पण ती नोंद पाठवणाऱ्याने भरावी लागते आणि घेणाऱ्याने वाचावी लागते. त्यामुळे आजही अनेक ग्रेडिंग कक्षांत काम सुरू होण्यापूर्वी चाचणीच्या रंगपट्ट्या पाठवतात, मॉनिटरचा मेनू उघडतात आणि पीक्यू निवडलेले आहे ना, हे डोळ्यांनी वाचून घेतात.