फ्रेझेनियसची गाळणी



बारावीच्या प्रॅक्टिकलला मला निळं सॉल्ट आलं. कॉपरच असणार! ग्रुप न करताच निरीक्षणं ठोकून दिली. उत्तर बरोबर आलं, पण एक्स्टर्नलने विचारलं, "एचटूएसच्या आधी आम्ल का घालायचं?" मी गप्प.

आम्लामुळे सल्फाइड आयन अगदी कमी उरतात. कॉपरला तेवढे पुरतात, ते खाली बसतं. झिंक, निकेल द्रावणातच राहतात आणि पुढे अमोनिया घातल्यावर सापडतात. ही गाळणी पद्धतशीर लावून देणारं पुस्तक कार्ल फ्रेझेनियसने १८४१ साली काढलं, तेही विद्यार्थी असताना!

गंमत म्हणजे, द्रावणात क्षार आपोआप आयनांत फुटतो हे अऱ्हेनियसने मांडलं १८८४ साली. म्हणजे त्या प्रश्नावर १८४१चा फ्रेझेनियसही अडकला असता. फक्त, त्याने टेस्ट खरंच केल्या होत्या.