बॉम्बे रक्तगट : जनुकापासून प्रथिनापर्यंतच्या शोधाचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

ठाण्यातील माजिवड्यापासून मानपाडा, कासारवडवली, गायमुख असा जाणारा घोडबंदर रोड येऊरच्या डोंगर आणि वसईची खाडी यांच्यामधून पुढे सरकतो. गेल्या काही दशकांत या रस्त्यालगत मोठ्या वसाहती उभ्या राहिल्या. मुंबईतून, कोकणातून आणि देशावरून आलेली कुटुंबे तेथे स्थिरावली. रक्तदान शिबिरे हा अशा वसाहतींच्या सार्वजनिक जीवनाचा परिचित भाग होय. काचपट्टीवरील रक्ताच्या थेंबांत 'अँटी-ए' आणि 'अँटी-बी' ही द्रव्ये मिसळली जातात; दोहोंनीही गुठळ्या झाल्या नाहीत, तर रक्तगट 'ओ' मानला जातो. बहुतेक वेळा ही नोंद बरोबर असते. परंतु अत्यंत थोड्या व्यक्तींच्या बाबतीत ती चुकीची असते आणि ती चूक प्राणावर बेतू शकते. या व्यक्तींचा रक्तगट जगभर 'बॉम्बे रक्तगट' या नावाने ओळखला जातो. त्याचा शोध डीएनएची रचना उलगडण्याच्या एक वर्ष आधी लागला. त्याचे पूर्ण स्पष्टीकरण मात्र सुमारे पंचेचाळीस वर्षांनी मिळाले. या मधल्या काळात जनुक, आरएनए आणि प्रथिन यांविषयीचे ज्ञान कसे घडत गेले, याचा आढावा प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

१९५२ ची नोंद

कार्ल लँडस्टायनर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ए, बी आणि ओ हे रक्तगट ओळखले. त्यानंतर अर्धशतकभर ही विभागणी परिपूर्ण समजली जात होती. १९५२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मुंबईतील डॉ. वाय. एम. भेंडे, डॉ. सी. के. देशपांडे व डॉ. एच. एम. भाटिया यांचा, लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधील संशोधकांसह लिहिलेला एक लघुलेख प्रसिद्ध झाला. त्यात मुंबईतील तीन व्यक्तींच्या रक्ताचे वर्णन होते. त्यांच्या तांबड्या पेशींवर 'ए' किंवा 'बी' प्रतिजन नव्हते. एवढ्यावरून त्या 'ओ' गटाच्या ठरल्या असत्या. परंतु त्यांचा रक्तद्रव 'ओ' गटाच्या पेशींनाही गोठवीत होता. 'ओ' पेशींवर असणारा 'एच' हा प्रतिजन या व्यक्तींमध्ये मुळातच नव्हता आणि त्यांच्या रक्तद्रवात त्याविरुद्धची प्रतिपिंडे होती.

१९५५ मध्ये अमेरिकेत फिलिप लेव्हिन व सहकाऱ्यांनी अशाच एका कुटुंबाची पाहणी केली. आईच्या पेशींवर 'बी' प्रतिजन नसतानाही तिच्याकडून अपत्याला 'बी' गुण मिळाला होता. म्हणजे आईजवळ जनुक होते, त्याचा आविष्कार मात्र दुसऱ्या एखाद्या जनुकाच्या अभावी अडला होता. हे निरीक्षण मोलाचे होते, पण जनुक नेमके काय करते हे कळल्याखेरीज ते अपुरेच राहणार होते.

जनुकाचे कार्य

बीडल आणि टॅटम यांनी १९४१ मध्ये बुरशीवरील प्रयोगांतून एक जनुक एका विकराच्या निर्मितीचे नियंत्रण करते, हा विचार मांडला. १९५३ मध्ये वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएच्या दुहेरी सर्पिलाची रचना प्रसिद्ध केली. त्यातील ए, टी, जी, सी या चार घटकांचा क्रम हीच आनुवंशिक माहिती असावी, हे त्यातून सूचित झाले. केंद्रकातील या माहितीची प्रत घेऊन ती पेशीद्रवातील रायबोसोमपर्यंत नेणारा संदेशवाहक आरएनए १९६१ मध्ये ओळखला गेला. त्याच वर्षी निरेनबर्ग आणि मथाई यांनी आनुवंशिक संकेताचे पहिले त्रिक उलगडले. १९६६ पर्यंत सर्व चौसष्ट त्रिकांचे अर्थ निश्चित झाले. या कार्यातील वाट्याबद्दल भारतात जन्मलेले हरगोविंद खोराना यांना निरेनबर्ग आणि हॉली यांच्यासमवेत १९६८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

पेशीतील हा व्यवहार दोन टप्प्यांत चालतो. प्रथम डीएनएवरील मजकुराची आरएनएमध्ये प्रत निघते. तीत 'टी'च्या जागी 'यू' येतो. नंतर रायबोसोम ही प्रत तीन-तीन अक्षरांनी वाचतो आणि वाहक आरएनए प्रत्येक त्रिकासाठी नेमलेले अमिनो आम्ल आणून देतो. अमिनो आम्लांची साखळी विशिष्ट पद्धतीने घडी होऊन प्रथिन सिद्ध होते.

एका अक्षराचा फरक

येथे एक सूक्ष्म बाब लक्षात घ्यावी लागते. ए, बी आणि एच हे रक्तगटाचे प्रतिजन प्रथिने नसून शर्करांच्या साखळीची टोके आहेत. जनुक शर्करा घडवीत नाही. ते शर्करा जोडणारे विकर घडविते. एफयूटी-१ या जनुकापासून बनणारे विकर मूळ साखळीला फ्युकोज नावाची शर्करा जोडते आणि 'एच' तयार होतो. 'ए' व 'बी' यांची विकरे आपापली शर्करा या 'एच'वरच चढवितात. पायाच नसेल, तर वरचा मजला उभा राहत नाही. प्रौढ तांबड्या पेशीत केंद्रक नसल्यामुळे हे सारे काम अस्थिमज्जेतील तिच्या पूर्वपेशींत चालते.

एफयूटी-१ जनुक १९९० मध्ये विलग करण्यात आले. त्यापासून ३६५ अमिनो आम्लांचे प्रथिन बनते. १९९७ मध्ये जपानी संशोधकांनी भारतीय बॉम्बे रक्तगटाच्या व्यक्तींत त्यातील ७२५ व्या स्थानी 'टी'ऐवजी 'जी' असल्याचे दाखविले. हे २४२ व्या त्रिकातील मधले अक्षर होय. ते बदलल्यामुळे ल्युसीनच्या जागी आर्जिनीन येते. ल्युसीन पाण्यापासून दूर राहू पाहणारे, तर आर्जिनीन धनभारित; त्यामुळे विकर निष्क्रिय होते. एकोणिसाव्या गुणसूत्रावरील शेजारचे एफयूटी-२ हे जनुकही या व्यक्तींत गळालेले आढळले. त्यामुळे लाळेसारख्या स्रावांतही 'एच' आढळत नाही. दोन्ही पालकांकडून सदोष प्रत मिळाल्यासच हा गट प्रकट होतो. म्हणून नात्यातील विवाह जेथे रूढ आहेत, तेथे त्याचे प्रमाण वाढते.

समारोप

भारतात हा गट साधारणपणे दहा हजारांत एकास, तर युरोपात दहा लाखांत एकास आढळतो, असे मानले जाते. अशा व्यक्तीस 'ओ' समजून 'ओ' रक्त दिल्यास तिची प्रतिपिंडे त्या पेशी नष्ट करतात. काचपट्टीवरील तपासणीबरोबरच रक्तद्रवाची 'ओ' पेशींशी उलट तपासणी आणि 'अँटी-एच' चाचणी केल्यास ही चूक टळते. घोडबंदर रोडसारख्या नव्या वसाहतींत एखादे कुटुंब मूळ गावापासून व नातलगांपासून दूर राहते. पण या गटाचा अनुरूप दाता बहुधा सख्ख्या भावंडांतच सापडतो. म्हणून अशा व्यक्तीची व तिच्या भावंडांची अचूक नोंद संकटापूर्वीच होणे अगत्याचे ठरते.

१९५२ मध्ये भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांजवळ जनुकाचा क्रम वाचण्याचे कोणतेही साधन नव्हते. प्रचलित विभागणीत न बसणारे निरीक्षण त्यांनी प्रयोगातील चूक म्हणून बाजूला सारले नाही, तर जसे दिसले तसे नोंदविले. पुढील पिढ्यांना त्याचा अर्थ लावता आला, तो या प्रामाणिक नोंदीमुळेच. जनुक ते प्रथिन हा पाठ महाराष्ट्रातील वर्गात शिकविताना दूरच्या उदाहरणाची गरज नाही. ते मुंबईतच घडलेले आहे.