रोमन सुवर्णमुद्रेवरील दोन कुमार

ऑगस्टस याने ल्युग्डुनम, म्हणजे आजचे ल्यों, येथील टांकसाळीत इ. स. पू. २ पासून पाडलेली सोन्याची व रुप्याची एक मुद्रा भारतात वारंवार सापडते. दर्शनी बाजूस लॉरेलपर्णांची माला धारण केलेले सम्राटाचे मस्तक. मागील बाजूस टोगा परिधान केलेले गायस व ल्यूशियस हे दोन कुमार, त्यांच्यामध्ये ढाली व भाले, आणि वरती पुरोहितांची दोन उपकरणे: हविर्द्रव्याची पळी व शकुन पाहणाऱ्याचा वाकडा दंड. हे दोघे सम्राटाच्या कन्येचे पुत्र, इ. स. पू. १७ मध्ये त्याने त्यांना दत्तक घेतले होते. मुद्रालेख त्यांना ‘ऑगस्टसचे पुत्र, नियोजित कॉन्सल, तरुणांचे अग्रणी’ म्हणतो. ही वारसाची उघड घोषणाच होय. परंतु ल्यूशियस इ. स. २ मध्ये आणि गायस इ. स. ४ मध्ये मरण पावला. समुद्रपार गेलेल्या नाण्यांवर मात्र ते दोघे नियोजितच राहिले.

मुद्रालेखातील विभक्तीही लक्षणीय आहे. ‘काएसारेस’ हे प्रथमेचे अनेकवचन. (लॅटिनमध्ये द्विवचन उरलेले नाही, संस्कृतात येथे तेच आले असते.) ग्रीक राजांच्या नाण्यांवर बहुधा षष्ठी आढळते, आणि सातवाहनांच्या नाण्यांवरही ‘रञो’, ‘सातकणिस’ अशी षष्ठीच. षष्ठी नाणे कोणाचे ते सांगते. प्रथमा चित्रात कोण आहे ते.

भारतीय व्यापाऱ्यास या भेदाशी कर्तव्य नसावे. इकडे घडविलेल्या अनुकृतींत अक्षरांची पुष्कळदा नुसती नक्षी झाली आहे. आकृती मात्र ओळखू येतात. १८९८ मध्ये पुदुकोट्टै येथे सापडलेल्या ५०१ सुवर्णमुद्रांपैकी बहुतेकींवर सम्राटाच्या मस्तकावरच छिन्नीचा घाव आहे. त्यात कोणा सम्राटाविषयीचा द्वेष पाहणे सयुक्तिक नव्हे, कारण घाव अनेकांच्या मस्तकांवर सारखेच आहेत. मुद्रा चलनातून बाद करून सोने केवळ धातू म्हणून तोलावे, ही उपपत्ती अधिक पटते.

चित्राहून दीर्घायुषी ठरले ते नाव. लॅटिनमध्ये ‘देनारियुस’ हे रुप्याचे नाणे. असे २५ मिळून एक ‘औरेउस’ होई. संस्कृतातील ‘दीनार’ मात्र सोन्याचा. हा अर्थबदल वाटतो तितका विचित्र नाही. सुवर्णमुद्रेस ‘देनारियुस औरेउस’, म्हणजे सोन्याचा देनारियुस, असेही म्हणत. वाटेत विशेषण गळाले व विशेष्य तेवढे इकडे पोहोचले, असे मानण्यास जागा आहे. सांची येथील गुप्त संवत ९३ च्या (इ. स. ४१२-१३) शिलालेखात भिक्षुसंघास दिलेल्या २५ दीनारांचा उल्लेख येतो, तेव्हा ते दोन कुमार जाऊन चार शतके लोटली होती.