आजाऱ्याला समाजात परत आणणारी सेवा

मार्कच्या शुभवर्तमानात (१:४०-४५) प्रभू येशू कुष्ठरोग्याला स्पर्श करून बरे करतो आणि याजकाला जाऊन दाखव, असे सांगतो. नियमशास्त्राप्रमाणे याजकाने शुद्ध ठरविल्याशिवाय अशा माणसाला वस्तीत परत घेत नसत. रोग जाणे आणि आपल्या माणसांत परत येणे, ही दोन्ही मिळून सेवा पूर्ण होते. पुणे धर्मप्रांतातील सांगली व सातारा जिल्ह्यांत ह्या सेवेची उदाहरणे आहेत.

सांगली जिल्ह्यातील मिरज येथे प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली रुग्णालय सुरू केले. पुढे त्या कार्यातून वैद्यकीय शिक्षण, कुष्ठरुग्णांसाठी निवारा आणि क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभे राहिले. घरादाराने दूर केलेल्यांना तेथे औषधाबरोबर माणसांची सोबत मिळाली. सांगली-मिरज दरम्यानची वानलेसवाडी आजही त्यांचे नाव सांगते.

सातारा जिल्ह्यात पाचगणी येथे डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया ह्या पारशी डॉक्टरांनी १९१२ साली क्षयरोग्यांसाठी 'बेल एअर' आरोग्यधाम स्थापन केले. पुढे ते रेड क्रॉसकडे गेले आणि १९९४ पासून केरळमध्ये १९३३ साली स्थापन झालेल्या एमसीबीएस ह्या कॅथलिक धर्मसंघाच्या धर्मगुरूंनी त्याची धुरा घेतली. एचआयव्हीबाधितांना लोक दाराशीही उभे करीत नव्हते, त्या काळात ह्या रुग्णालयाने त्यांना आपले मानले.

एचआयव्हीची औषधे २००४ पासून शासनाकडून मोफत मिळू लागली. २०१७ च्या कायद्याने बाधितांशी भेदभाव करण्यास आणि त्यांच्या संमतीविना त्यांचा आजार उघड करण्यास मनाई केली. परंतु कायदा कोणाला पंक्तीला बसवू शकत नाही. ते काम धर्मग्रामाचे आहे. हस्तांदोलनाने, एकत्र जेवण्याने वा एकाच प्याल्यातून पिण्याने हा विषाणू पसरत नाही. तरीही मिस्साच्या वेळी एखाद्या बाकावर एकच कुटुंब बसलेले दिसत असेल, तर आपल्या लघु ख्रिस्ती समूहाचे काम अपुरे आहे असे समजावे.

दर वर्षी ११ फेब्रुवारीला ख्रिस्तसभा जागतिक आजारी दिन पाळते. त्या दिवशी आजाऱ्यांसाठी प्रार्थना अवश्य करावी. त्यानंतर त्यांच्या घरी जावे आणि त्यांच्या हातचा चहा घ्यावा.